इशिकावा बंद होतं, ती चूक आमचीच. बाकीच्या मुद्द्यांवर थोडं बोलायचं आहे

काका, सप्रेम नमस्कार.

सहलीत सगळे तुम्हाला काका म्हणत होते, म्हणून इथेही तेच म्हणते. आमच्या कोरिया-जपानच्या ‘ग्रंथालय सहली’ला तुम्ही दोन तारे दिलेत आणि भरपूर लिहिलंत. दोन ताऱ्यांचं वाईट वाटलं, भरपूर लिहिल्याचं बरं वाटलं. नुसते तारे टाकून जाणाऱ्यांना उत्तर तरी काय द्यायचं?

तुमचा अभिप्राय ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी तक्रारी थोडक्यात सांगते. जपानमधल्या कानाझावाचं इशिकावा ग्रंथालय आपण पोचलो तेव्हा बंद होतं. सोलचं ग्रंथालय म्हणजे मॉल निघाला. कोरियातल्या हेइन्सा या बौद्ध मठात दीड तास बसमध्ये बसून जाऊन खिडकीच्या गजांतून डोकावायला मिळालं, तेही फोटो न काढता. पुस्तकं सगळी परक्या लिपीत, मग बघायचं काय? जपानमधल्या गिफू शहरातल्या ग्रंथालयाला वेळ कमी दिला. चीनमधलं गाजलेलं तिआनजिनचं ग्रंथालय वगळलं. फुजी नाही. जेवण यथातथा.

आधी इशिकावा, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे.

हे ग्रंथालय सोमवारी बंद असतं, हे मला माहीत होतं. म्हणून तर मुद्दाम सोमवारी गिफू आणि मंगळवारी कानाझावा असा कार्यक्रम आखला आणि स्वतःवर खूश झाले. पण ऑक्टोबरचा दुसरा सोमवार ही जपानात क्रीडा दिनाची सुट्टी असते. तिकडची पद्धत अशी, की सोमवारी सार्वजनिक सुट्टी आली तर ग्रंथालय त्या दिवशी लोकांसाठी उघडं ठेवायचं आणि आपली साप्ताहिक सुट्टी दुसऱ्या दिवशी घ्यायची. हे त्यांच्या तक्त्यात लिहिलेलं होतं, मी वाचलं नाही. एकवीस वर्षं कॉलेजात ग्रंथपाल होते, विद्यार्थ्यांना ‘फलक वाचा’ म्हणून ओरडत होते, आणि सव्वीस माणसं घेऊन बंद दारापुढे उभी राहिले ती मीच. २०२२ मध्ये उघडलेली ती इमारत, आतला रंगमंडलासारखा गोल उतरत जाणारा वाचनकक्ष, ज्यासाठी एवढ्या लांब गेलो, त्याचं आपण बाहेरून काचेला नाक लावून दर्शन घेतलं. याला माझ्याकडे सबब नाही.

ऐनवेळी कानाझावातल्याच उमिमिराई ग्रंथालयाला नेलं, ते तुम्ही ‘कसंबसं भरून काढलं’ असं लिहिलंय. कसंबसं नेलं हे खरं, पण ते ग्रंथालय कसंबसं नाही. पांढऱ्या भिंतींमध्ये साधारण सहा हजार गोल भोकं, आणि त्यांतून येणारा मऊ उजेड. खिडकी म्हणावी अशी खिडकी नाही, तरी भरदुपारी एकाही पानावर चटका मारणारं ऊन नाही. पुस्तकाचं कव्हर उन्हानं कसं विटतं हे ज्यानं रॅक लावताना पाहिलंय, त्याला या भिंतीचं मोल कळतं. असो. इशिकावाची भरपाई ते होऊ शकत नाही. ग्रंथालयात प्रवेश फुकट असतो, त्यामुळे परत करायला तिकीट नाही. पण गिफूहून केलेल्या खासगी बसचं त्या दिवसाचं भाडं सव्वीसांत वाटून प्रत्येकाला परत करत आहोत, न मागितलेल्यांनाही. तुमचे आणि काकूंचे पैसे या आठवड्यात खात्यावर जमा होतील.

आता सोल. तिथलं स्टारफील्ड ग्रंथालय मॉलमध्येच आहे काका, आणि माहितीपत्रकात ‘कोएक्स मॉलमधील’ असं छापलेलं आहे. तेरा मीटर उंच कपाटं, पन्नास हजारांहून जास्त पुस्तकं, २०१७ साली मॉलच्या मधोमध उभारलेलं. दार नाही, सभासदत्व नाही, देवघेवीचा काउंटर नाही. वरच्या पुस्तकांपर्यंत हात पोचत नाही ही तुमची तक्रार मला मनापासून पटते. माझाही तो आवडता थांबा नाही, तिथे लोक पुस्तकाकडे पाठ करून फोटो काढतात. तरी ते मी ठेवलं, कारण तिथेच एका बाकावर शाळेच्या गणवेशातली मुलगी खरेदीच्या पिशव्यांच्या गर्दीत तासभर मान खाली घालून वाचत बसलेली आपण सगळ्यांनी पाहिली. काकूंनीच ती मला दाखवली. पुढच्या वेळी या थांब्याचा वेळ निम्मा करणार आहे, एवढं तुमच्या अभिप्रायामुळे नक्की झालं.

हेइन्साबद्दल मात्र मी भांडणार.

तेराव्या शतकात मंगोलांच्या स्वाऱ्या चालू असताना कोरियन लोकांनी अख्खं बौद्ध वाङ्मय लाकडी ठोकळ्यांवर कोरून काढलं. ठोकळे ८१,२५८. अक्षरं उलटी कोरलेली, म्हणजे शाई लावून कागद दाबला की सुलटी उमटणार. हे सगळं आजही आहे, आणि ज्या लांबलचक कोठारांत आहे ती पंधराव्या शतकातली. आत एसी नाही, पंखा नाही. दक्षिणेकडच्या भिंतीत खालच्या खिडक्या मोठ्या आणि वरच्या लहान. उत्तरेकडच्या भिंतीत बरोबर उलट, खालच्या लहान आणि वरच्या मोठ्या. त्यामुळे डोंगरावरची हवा आत शिरते, ठोकळ्यांच्या रांगांतून खालवर फिरते आणि मग बाहेर पडते. जमिनीत कोळसा, चुना, मीठ आणि माती कुटून घातलेली. हवा दमट झाली की ती ओल पिते, कोरडी झाली की सोडते. १९७० च्या दशकात सरकारनं शेजारी नवी आधुनिक इमारत बांधली. काही ठोकळे नमुना म्हणून तिच्यात हलवून पाहिले, तर बुरशी धरू लागली. परत जुन्या कोठारात आणले. १९९५ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून नोंद केली ती या कोठारांचीच.

मी ग्रंथपाल असताना जून उजाडला की पहिली धास्ती ओलीची असायची. डांबराच्या गोळ्या, वेखंडाच्या पुरचुंड्या, कडुनिंबाचा पाला, दर शनिवारी कपाटं उघडून हवा देणं. एवढं करूनही गणपतीपर्यंत दहा-वीस पुस्तकांना कसर लागलेली असायचीच. आणि इथे सहाशे वर्षं नुसत्या खिडक्यांच्या मापावर काम भागलंय! तुम्ही त्या गजांतून आत काय दिसतंय ते शोधत होतात, पण बघायची होती ती खिडकीच. हे मी बसमध्ये माइकवर सांगितलं होतं, पण सकाळी साडेसहाला निघालेल्या बसमध्ये निम्मी मंडळी घोरत होती (नावं सांगत नाही). जागेवर, भिंतीसमोर उभं राहून सांगायला हवं होतं. तिथे मोठ्यानं बोलता येत नाही म्हणून टाळलं. पुढच्या वेळी आदल्या रात्री हॉटेलवर खिडक्यांचं चित्र काढून दाखवणार आहे.

राहिला फोटोचा मुद्दा. फोटो काढू न देणं हा देवस्थानाचा नियम आहे, त्यात मला बदल करता येणार नाही, आणि आला असता तरी केला नसता.

‘वाचता येत नाही ती पुस्तकं बघायची कशाला’ हा तुमचा प्रश्न मला सगळ्यांत आवडला. गंमत अशी, की हेइन्साचे ठोकळे आहेत चिनी लिपीत, अभिजात चिनी भाषेत. आपल्या शेजारी उभ्या असलेल्या, हात जोडून पुटपुटणाऱ्या कोरियन आजीबाईंनाही त्यातलं फारसं वाचता आलं नसतं. आणि आपलं काय? तंजावरच्या सरस्वती महालात सरफोजीराजांनी जमवलेला ग्रंथसंग्रह आहे, मराठ्यांच्या दरबाराचे मोडी कागद आहेत. मी दोनदा जाऊन आले. मराठी माझी आई बोलायची ती, कागद माझ्या भाषेतला, आणि मला एक ओळ लागली नाही. तरी तासभर त्या कपाटांपुढे उभी होते. तुम्हीही राहिला असतात, याची मला खात्री आहे. कारण गिफूला मी तुम्हाला पाहिलंय.

गिफूबद्दल एकाच परिच्छेदात तुम्ही दोन वाक्यं लिहिली आहेत: एक, तिथे आपल्यासाठी बघण्यासारखं काही नव्हतं, दोन, वेळ फारच कमी दिला. काका, यातलं कुठलं धरू? मी दुसरं धरते, कारण ते खरं आहे. गिफू मीडिया कॉसमॉसला पन्नास मिनिटं म्हणजे ताटावरून उठवल्यासारखंच झालं. तोयो इतो या वास्तुकारानं २०१५ मध्ये ते उभं केलं. दुसरा मजला जवळपास सगळा एकच दालन, वर हिनोकी लाकडाच्या पट्ट्या एकमेकींवर विणून केलेलं लाटांसारखं छत, आणि त्या छतातून खाली लटकणाऱ्या अकरा प्रचंड पांढऱ्या घुमट्या, उलट्या धरलेल्या छत्र्यांसारख्या म्हणा किंवा कंदिलांसारख्या. तुम्ही वर बघत मला विचारलंत, ‘अहो, पंखे कुठे आहेत?’ तेव्हा गडबडीत धड उत्तर दिलं नाही, ते आता देते. घुमटीच्या माथ्यावर उघडझाप होणारी झडप आहे. उन्हाळ्यात गरम हवा घुमटीतून वर चढते आणि झडपेतून बाहेर जाते, थंडीत झडप मिटली की तीच ऊब खाली फिरते. जमिनीखालून नळ्या नेल्यात, त्यांत जवळच्या नागारा नदीच्या झिरप्याचं भूजल खेळतं, म्हणून पाय गार लागत होते. उजेड घुमटीच्या कापडातून गाळून येतो.

हे विचारणारे सव्वीसांत तुम्ही एकटेच होतात. नंतर त्याच घुमटीखाली लहान मुलांचं बेडकाचं चित्रपुस्तक मांडीवर घेऊन तुम्ही बसलात आणि बस सुटायची वेळ झाली तरी उठेनात. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, हे मी कसं मान्य करू?

ओसाकाबद्दल तुम्ही एक अक्षरही लिहिलेलं नाही. १९०४ चं खांबांचं नाकानोशिमा ग्रंथालय आणि त्याच बेटावर वास्तुकार तादाओ आंदोनं बांधून शहराला भेट दिलेलं मुलांचं ग्रंथालय, दारात हिरवंगार सफरचंद असलेलं. पुणेरी माणूस गप्प बसला म्हणजे त्याला आवडलं, असं मी धरून चालते.

तिआनजिनचं आता सांगते, कारण फोनवर हाच प्रश्न सगळे विचारतात. इंटरनेटवर दिसतं ते हेच: मधोमध चकाकता गोल, भोवती जमिनीपासून छतापर्यंत लाटांसारखी चढत गेलेली पुस्तकांची पायरी-कपाटं. एमव्हीआरडीव्ही या नेदरलँड्सच्या कंपनीचं काम, ऑक्टोबर २०१७ मध्ये उघडलं. २०१९ मध्ये मी स्वतः जाऊन आले. वरच्या कपाटांपर्यंत मागच्या खोल्यांमधून पोचायची वाट मूळ आराखड्यात होती. पहिल्या रेखाटनापासून उद्घाटनापर्यंत सगळं तीन वर्षांत उरकायचं, त्या घाईत ती वाट वगळली. वास्तुकारांना ते मान्य नव्हतं. मग वर पुस्तकं ठेवणार कोण आणि काढणार कोण? म्हणून वरच्या फळ्यांवर पुस्तकांच्या पाठींची चित्रं छापलेले ॲल्युमिनियमचे पत्रे बसवले. खरी पुस्तकं मुख्यतः आतल्या खोल्यांत आहेत. इमारत सुंदरच आहे, पायऱ्यांवर मुलं वाचत बसतात, वाईट म्हणायचं नाही. पण पत्र्यावर छापलेल्या पुस्तकांसमोर माझी माणसं उभी करून ‘बघा’ म्हणायला माझी जीभ वळेना. हा माझा हट्ट आहे, व्यवसायाच्या दृष्टीनं चुकीचाही असेल. तुम्हाला जायचंच असेल तर तिकीट-व्हिसाची माहिती देईन, पैसे न घेता.

फुजी आपल्या वाटेवर नव्हता. तो बघायला बाकी सगळे नेतातच. जेवणाचं म्हणाल तर पिठलं-भात दोनदा दिला, तिसऱ्यांदा पीठ संपलं.

पुढची सहल ठरते आहे. सुट्ट्यांचा तक्ता या वेळी मी आणि आमच्या ऑफिसातली दोघं, असे तिघं वेगवेगळा तपासतोय. माहितीपत्रकात तिसऱ्या पानावर इशिकावाचा फोटो तसाच आहे, खाली वार छापलाय: गुरुवार. तुम्हा दोघांना यायचं असेल तर कानाझावापासून पुढचा खर्च आमचा, आणि गिफूला तीन तास.