सेक्टर 10, पण कुठला?

नमस्कार ताई,

तुमचा एक ताऱ्याचा अभिप्राय वाचला. दोनदा वाचला. आईंना नातवाचा पाळणा कुणाला तरी द्यायचा होता, त्यांनी आमच्या साइटवर नेरुळ सेक्टर 10 मधून पोस्ट टाकली आणि निरोप आले ते कोपरखैरण्याहून. नंतर ती पोस्ट त्यांची त्यांनाच सापडेना. वैतागून तुम्ही खातं बंद करायला गेलात, तर तेही जमेना. 'साइट आहे की भुलभुलैया' हे तुमचे शब्द आमच्या ऑफिसात (म्हणजे एक खोली, दोन टेबलं, दोन माणसं) कालपासून घुमताहेत.

सेक्टरची चूक लाजिरवाणी आहे. सिडकोने नवी मुंबई नोडानोडांत (म्हणजे वाशी, नेरुळ अशा वेगवेगळ्या वस्त्यांत) वसवली आणि सेक्टरचे आकडे प्रत्येक नोडात नव्याने लावले. सेक्टर 10 वाशीत आहे, ऐरोलीत आहे, सानपाड्यात आहे, नेरुळात आहे. नुसतं 'सेक्टर 10' म्हटलं तर रिक्षावालासुद्धा आधी 'कुठला?' विचारतो. आमच्या यादीने ते विचारलंच नाही. तिथे चाचणीच्या वेळी भरलेलं कोपरखैरणे तसंच राहिलं होतं, ते आपोआप लागायचं. बाहेरच्या कंपनीने हा घोळ घातला असता तर आम्हीच हसलो असतो. आता आधी नोड निवडायचा, मग सेक्टर.

आईंची पोस्ट होती कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांमागे. नॉर्म कॉक्स यांनी 1981 च्या झेरॉक्स स्टार संगणकासाठी काढलेलं ते चिन्ह. आम्हा संगणकवाल्यांना त्यात यादी दिसते. आईंना नक्षी वाटली, आणि वाटणारच. फोनचा पडदा लहान, म्हणून जे मावेना ते आम्ही त्या रेघांमागे ढकलत गेलो, घरात माळ्यावर टाकतात तसं. आता पडद्याच्या तळाशी चार बटणं दिसतील, चिन्हाखाली शब्दासकट: घर, माझ्या पोस्ट, निरोप, खातं.

तुमचं 'सरळ फेसबुकसारखं करा ना' हे मात्र पटलं नाही. तिथे आधी काय दाखवायचं ते यंत्र ठरवतं. पाळणा द्यायचा असेल तर आज टाकलेली पोस्ट आज वर दिसायला हवी.

राहिलं खातं बंद करणं. त्याला चूक म्हणून सुटता येणार नाही, कारण ते बटण आम्ही मुद्दाम लपवलं होतं. सेटिंग, मग गोपनीयता, मग मदत, आणि तिथे अगदी तळाला करड्या बारीक अक्षरांत. शोधता शोधता माणूस कंटाळेल आणि राहील, असा हिशोब. सभासदांचा आकडा तेवढा फुगलेला दिसायचा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये 13 'डार्क पॅटर्न'ची (साइटवर ग्राहकाला चकवणाऱ्या युक्त्यांची) यादी जाहीर केली, त्यात वर्गणी बंद करण्याची वाट किचकट करून ठेवणंही आहे. आमची साइट फुकट आहे, वर्गणीच नाही, असं म्हणून अंग काढून घेता आलं असतं. पण केलं ते तेच.

आईंची पोस्ट नेरुळात हलवली आहे. खातं ठेवायचं नसेल तर 'खातं' उघडा, पहिलीच ओळ 'खातं बंद करा' अशी आहे. 'नक्की?' एवढं एकदा विचारू. 'का?' विचारणार नाही.