टेम्समध्ये नॅरोबोट ‘कधीही’ उतरवता येत नाही

‘लंडनच्या लाइमहाउसहून नॅरोबोट कधीही टेम्समध्ये उतरवा, पाणी कालव्यासारखंच आहे,’ असा सल्ला सध्या फिरतोय. नॅरोबोट म्हणजे कालव्यांसाठी बनवलेली लांब, अरुंद बोट. हा सल्ला चुकीचा आहे, धोकादायकही. लंडनच्या वरच्या अंगाला असलेल्या टेडिंग्टनपर्यंत टेम्सला भरती-ओहोटी आहे. लंडन ब्रिजपाशी पाणी ७ मीटरपर्यंत चढतं-उतरतं. कालव्यात ताशी ४ मैलांनी रमतगमत जाणारी बोट ओहोटीच्या ओढीपुढे जेमतेम हलते. म्हणून लाइमहाउसचं लॉक (कालवा आणि नदी यांच्यामधलं, पाण्याची पातळी जुळवणारं दारांचं कुंड) आधी बुक करायचं आणि टेडिंग्टनकडे जाताना चढत्या भरतीबरोबरच निघायचं. इथे १३.७ मीटरपेक्षा लांब बोटीवर व्हीएचएफ रेडिओ (बोटींचा संपर्काचा रेडिओ) सक्तीचा आहे. नांगर साखळीला जोडून पुढच्या डेकवर तयार ठेवा. इंजिन बंद पडल्यावर तो शोधत बसायला वेळ मिळत नाही. बोट भाड्याची असेल तर आधी करार वाचा, बहुतेक कंपन्या भरतीच्या पाण्यात जाऊच देत नाहीत.