मेरीची तलवार आली कुठून? ‘सिनेमा पाहिला म्हणजे पुस्तक वाचलं’ या दाव्याला उत्तर

नागपुरातल्या वाचकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जे. आर. आर. टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन सिनेमे पाहिले की हजार पानांचं पुस्तक वाचल्यासारखंच आहे. दिग्दर्शक पीटर जॅक्सननं टॉम बॉम्बाडिल हे पात्र आणि शेवटाकडचं शायरचं प्रकरण तेवढं गाळलं, तेही वेळ पुरत नव्हता म्हणून. बाकी लढाया त्याच, माणसं तीच, शेवटही तोच.

सिनेमे फार मेहनतीनं केलेले आहेत, त्याबद्दल वाद नाही. तिसऱ्या भागाला 11 नामांकनं होती आणि 11 च्या 11 ऑस्कर मिळाले. आमचा आक्षेप ‘गाळलं’ या शब्दाला आहे. घटना बहुतेक ठेवल्या आहेत, पण त्या का घडतात ते बदललं आहे. प्रसंग ओळखीचा दिसतो म्हणून पाहणाऱ्याला वाटतं की पुस्तकातलंच पाहिलं. ज्यांना कथा ठाऊक नाही त्यांच्यासाठी एका ओळीत: फ्रोडो, त्याचा नोकर सॅम, मेरी आणि पिपिन हे चार हॉबिट, म्हणजे बुटक्या चणीचे लोक, आपलं शायर सोडून निघतात, कारण दुष्ट सत्ताधीश सौरोनची अंगठी डूम पर्वताच्या आगीत नष्ट करायची असते. आता मुद्दे एकेक करून घेऊ.

‘बॉम्बाडिल काढला तरी काही बिघडत नाही.’

रानात राहणारा हा गूढ बॉम्बाडिल येतो पहिल्या खंडाच्या सहाव्या, सातव्या आणि आठव्या प्रकरणात. पिवळे बूट, निळा कोट, तोंडात सतत गाणं. पुढे तो कथेत परतत नाही, म्हणून तीन प्रकरणं उचलून बाजूला ठेवली तरी चालेल असं वाटणं साहजिक आहे. पण आठव्या प्रकरणात चारही हॉबिट एका जुन्या थडग्यात अडकतात. बॉम्बाडिल त्यांना सोडवतो आणि तिथल्या खजिन्यातून चौघांना एकेक लांब खंजीर देतो. माणसाच्या हातात तो खंजीर, हॉबिटच्या हातात तीच तलवार. ही पाती उत्तरेच्या राज्यातल्या लोकांनी घडवली होती, आणि त्या राज्याचा सर्वांत मोठा वैरी होता अँगमारचा मांत्रिक राजा.

हाच मांत्रिक राजा पुढे नाझगुलांचा, म्हणजे सौरोनच्या भुतासारख्या सेवकांचा, म्होरक्या म्हणून पेलेनॉरच्या मैदानात उतरतो. रोहान या घोडेस्वारांच्या राज्याचा राजा थेओडेन घोड्याखाली चिरडलेला, समोर एकटी त्याची भाची एओविन, तिची ढाल फुटलेली, हात मोडलेला. मागून मेरी सरपटत येतो आणि मांत्रिकाच्या गुडघ्यामागे पातं खुपसतो. पुस्तकात टॉल्किन इथे थांबून सांगतो की दुसरं कुठलंही पातं, कितीही बलवान हातात असतं तरी, असा घाव घालू शकलं नसतं. कारण त्याच्या न दिसणाऱ्या स्नायूंना त्याच्या इच्छेशी बांधून ठेवणारा मंत्र या पात्यानं तोडला. पातं लगेच धुरासारखं विरून जातं. ते घडवणाऱ्याला त्याचं शेवटी काय झालं हे कळतं तर त्याला आनंद झाला असता, असंही टॉल्किन लिहितो. हजाराहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका लोहाराचं काम त्या क्षणी पूर्ण होतं.

सिनेमात वेदरटॉप टेकडीवर राजवंशाचा वारस अॅरागॉर्न हॉबिटांना तलवारी देतो, आणि त्या कुठून आल्या हे कुणी विचारत नाही. मेरी भोसकतो, मांत्रिक गुडघ्यावर येतो, एओविन त्याला मारते. घटना तंतोतंत तीच. पण मेरीचा घाव का लागला याचं उत्तर सिनेमाकडे नाही, कारण ते उत्तर त्या तीन प्रकरणांसोबत निघून गेलं.

‘जे बदललं ते वेळेअभावी.’

हा मुद्दा साध्या हिशोबावर टिकत नाही. चित्रपटगृहात लागलेल्या आवृत्त्या 178, 179 आणि 201 मिनिटांच्या, म्हणजे एकूण 558 मिनिटं. पुस्तकात 62 प्रकरणं. दर प्रकरणाला 9 मिनिटं येतात. आता त्याच दिग्दर्शकाचा ‘द हॉबिट’ घ्या. 1937 चं हे छोटं पुस्तक, त्यात फक्त 19 प्रकरणं. त्यावर 2012 ते 2014 मध्ये तीन सिनेमे निघाले, मिळून 474 मिनिटांचे. दर प्रकरणाला जवळजवळ 25 मिनिटं. तरीही तिथे पुस्तकात नसलेली टॉरिएल ही व्यक्तिरेखा आहे, आणि पुस्तकातली कथा सुरू होण्याआधीच मेलेला शत्रूचा सरदार अझोग जिवंत होऊन सबंध वाट पाठलाग करतो. वेळ मिळाला की बदल कमी होतील असं असतं, तर तिथे ते झालं असतं.

मूळ त्रयीतही वेळ नसल्याची खूण दिसत नाही. दुसऱ्या भागात रोहानच्या हेल्म्स डीप किल्ल्याच्या वाटेवर लांडग्यांची स्वारी होते, अॅरागॉर्न कड्यावरून नदीत पडतो, गोंडोर राज्याच्या कारभाऱ्याचा मुलगा फारामिर फ्रोडोला ओस्गिलिआथ या पडक्या शहरात घेऊन जातो. पुस्तकात यातलं काहीही नाही. हे सगळं वेळ खर्चून बाहेरून आणलेलं आहे.

एक बाजू मात्र मान्य केली पाहिजे. शेलॉब कोळिणीचा प्रसंग पुस्तकात दुसऱ्या खंडाच्या शेवटी आहे आणि सिनेमानं तो तिसऱ्या भागात नेला. परिशिष्टातलं दिनांकवार पत्रक पाहिलं तर हेल्म्स डीपची लढाई 3 मार्चच्या रात्रीची आणि शेलॉबचं बीळ 12-13 मार्चचं. क्रमाच्या दृष्टीनं सिनेमाच बरोबर आहे. अडचण पुढे होते. शेलॉब निघाल्यामुळे दुसऱ्या भागाच्या शेवटी फ्रोडोच्या वाट्याला मोठा प्रसंग उरला नाही, म्हणून ओस्गिलिआथ बनवावं लागलं, आणि त्यासाठी फारामिरचा स्वभाव बदलावा लागला. पुस्तकातला फारामिर म्हणतो की ही वस्तू रस्त्यात पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही. सॅमच्या तोंडून अंगठीचं गुपित निसटतं तेव्हाही तो त्या शब्दावर टिकतो. सिनेमातला फारामिर आधी मोहात पडतो आणि नंतर सावरतो. अंगठी कुणालाच सोडत नाही हे दाखवण्यासाठी तसं केलं, हे समजतं. पण मग अंगठीच्या मोहाला बळी पडलेला बोरोमिर आणि फारामिर या दोन भावांत पुस्तकानं मुद्दाम ठेवलेला फरक राहत नाही.

‘लढाया पुस्तकातल्याच आहेत.’

हेल्म्स डीपच्या तटावर एल्फ या अमर वंशाची तुकडी येते, तिचा नायक हाल्दिर तिथे मरतो. पुस्तकात एल्फांचं सैन्य तिथे फिरकतही नाही. एओविनचा भाऊ एओमेर सिनेमात हद्दपार असतो आणि पहाटे घोडदळ घेऊन येतो; पुस्तकात तो किल्ल्यातच अॅरागॉर्नच्या खांद्याला खांदा लावून लढतो, आणि पहाटे जादूगार गँडाल्फबरोबर येतो तो रोहानचा सरदार एर्केनब्रँड. त्याहून महत्त्वाचं म्हणजे 1958 मध्ये एका प्रस्तावित सिनेमाची संहिता वाचून टॉल्किननं सविस्तर टीका लिहिली होती. त्यात त्याचं मत होतं की एंट, म्हणजे चालणारी-बोलणारी झाडासारखी माणसं, आणि हेल्म्स डीपची लढाई या दोघांना नीट जागा देता येत नसेल तर एकाला काढावं, आणि काढायची तर लढाई काढावी, कारण मुख्य कथेत ती आनुषंगिक आहे. सिनेमानं तिलाच दुसऱ्या भागाचा कळस केलं.

पेलेनॉरच्या लढाईत फरक आणखी खोल जातो. पुस्तकात शपथ मोडल्यामुळे भटकत राहिलेल्या मृतांची फौज फक्त पेलार्गिर बंदरातली शत्रूची जहाजं मोकळी करून देते आणि तिथेच अॅरागॉर्न तिला शपथेतून मुक्त करतो. गोंडोरची राजधानी मिनास तिरिथला जहाजांतून येतात ती दक्षिण गोंडोरची जिवंत माणसं. सिनेमात हिरव्या भुतांची लाट मैदान धुऊन काढते. एकदा अशी अजिंक्य फौज आली की रोहानच्या स्वारांनी आदल्या तासात दिलेल्या प्राणांचं काय, हा प्रश्न उरतो.

आणि ते स्वार तिथवर पोचले कसे? इथे जरा थांबावं लागेल.

रोहानची राजधानी एडोरासपासून मिनास तिरिथ 102 लीग, म्हणजे 306 मैल, सुमारे 490 किलोमीटर. आपल्या नागपूरहून हैदराबाद रस्त्यानं साधारण तेवढंच आहे. सहा हजार घोडेस्वार, पाच दिवस. सिनेमात गोंडोरचा कारभारी डेनेथोर मदत मागायला तयार नसतो, पिपिन चोरून चढतो आणि मदतीच्या इशाऱ्याची आग पेटवतो, डोंगरामागून डोंगर उजळतात, आणि थेओडेन ज्वाळा पाहून निर्णय घेतो. प्रसंग डोळ्यांत भरतो. पण पुस्तकात गँडाल्फ आणि पिपिन घोड्यावरून जात असतानाच डोंगरांवर सात ठिकाणी आगी पेटलेल्या दिसतात. डेनेथोरनं मदत आधीच मागितलेली असते. थेओडेननंही हेल्म्स डीपची लढाई संपताच सैन्य जमवायला निरोप धाडलेले असतात. दूरदूरच्या खेड्यांतून माणूस, घोडा आणि शिधा जमायला दिवस लागतात; आग दिसल्यावर सुरुवात केली असती तर 15 मार्चची पहाट गाठणं अशक्य होतं. गोंडोरचा दूत हिर्गोन मदतीची हाक म्हणून लाल बाण घेऊन येतो आणि रोहानचं उत्तर घेऊन परत निघतो. पुढे त्याचं प्रेत रस्त्यात सापडतं, हातात बाण तसाच धरलेला. म्हणजे मदत निघाली आहे हा निरोप शहरात पोचतच नाही. वेढ्यात डेनेथोर खचतो, त्यामागे हेही आहे.

त्यातच शेवटच्या टप्प्यात शत्रूनं हमरस्ता अडवलेला असतो. सहा हजार घोडी कुणाला सुगावा न लागता कशी न्यायची? पुस्तकात ड्रुअडन जंगलात राहणाऱ्या लोकांचा मुखिया घान-बुरी-घान येतो. त्याला शत्रूची संख्या माहीत असते, आणि दगडाच्या गाड्यांसाठी कधीकाळी केलेली, सगळे विसरून गेलेले अशी एक जुनी वाटही. ती तो दाखवतो. मोबदल्यात त्याचं मागणं एकच: जंगलातल्या माणसांना सुखानं राहू द्या, जनावरांसारखी त्यांची शिकार करू नका. यात थेओडेनच्या लोकांचा भूतकाळ उघड होतो. नायकांची बाजूही धुतल्या तांदळासारखी नाही. राज्याभिषेकानंतर अॅरागॉर्न दवंडी पिटवतो की हे जंगल घान-बुरी-घानच्या लोकांना कायमचं दिलं आहे आणि त्यांच्या परवानगीशिवाय आत कुणी पाऊल टाकायचं नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, ते ज्यांना आठवतं त्या विदर्भातल्या वाचकाला ही दवंडी किती मोठी आहे हे वेगळं सांगायला नको. सिनेमात घान-बुरी-घान नाही, वाट नाही, मागणं नाही, दवंडीही नाही. स्वार थेट टेकडीवर उभे दिसतात.

‘माणसं तीच आहेत.’

फारामिरबद्दल वर आलंच आहे. अॅरागॉर्नचं थोडक्यात: पुस्तकात पूर्वजांची मोडलेली तलवार एल्फांचं रिव्हेंडेल सोडण्याआधीच जोडली जाते आणि तो ती मिरवत निघतो, सिनेमात ती तिसऱ्या भागात रिव्हेंडेलचा प्रमुख एलरॉन्ड आणून देतो, कारण तिथला अॅरागॉर्न राजेपदापासून लांब पळतो. सौरोन सिनेमात बुरुजावरचा जळता डोळा आहे, तर पुस्तकात, पूर्वी अंगठी बाळगलेला आणि आता फ्रोडोला वाट दाखवणारा गोलम सांगतो की त्याच्या काळ्या हाताला चारच बोटं आहेत, म्हणजे त्याला देह आहे.

सर्वांत मोठं नुकसान झालं आहे सॅम, फ्रोडो आणि गोलम यांच्या नात्याचं. सिनेमात किरिथ उंगोलच्या पायऱ्यांवर गोलम प्रवासाची भाकरी फेकून देतो, सॅमच्या अंगावर तिचा चुरा टाकतो, आणि फ्रोडो सॅमला घरी जायला सांगतो. पुस्तकात असं काही घडत नाही. दोघं बिळात सोबतच शिरतात. पुस्तकात त्याच पायऱ्यांवर वेगळंच काही आहे. फ्रोडो सॅमच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेला, सॅमलाही डुलकी लागलेली. गोलम परत येतो, दोघांकडे बघतो. चेहऱ्यावरची हाव ओसरते, आणि तो थरथरता हात हळूच फ्रोडोच्या गुडघ्याला लावतो. त्या क्षणी तो फार म्हातारा, फार थकलेला एखादा हॉबिट वाटला असता. फ्रोडो झोपेत ओरडतो, सॅम जागा होतो, आणि गोलमला बघून तुसडेपणानं बोलतो. तो क्षण हातचा जातो. गोलम सुधारला असता, आणि चांगल्या माणसाच्या एका कडवट शब्दानं ते राहून गेलं. सिनेमात गोलमचा कावा आहे आणि सॅमवर अन्याय आहे. पुस्तकात चूक सॅमची आहे, आणि ती त्याच्या मालकावरच्या मायेतून झालेली आहे.

‘शेवट तोच आहे.’

डूम पर्वतात अंगठी नष्ट होते, एवढंच सारखं. सिनेमात गोलमनं अंगठीसकट बोट तोडल्यावर फ्रोडो उठून गोलमशी झटापट करतो आणि दोघं कड्यावरून जातात. पुस्तकात फ्रोडो झटापट करत नाही. तो अंगठीच्या मोहापुढे हरलेला आहे. अंगठी मिळाल्याच्या आनंदात नाचता नाचता गोलम पाय चुकून पडतो. वरवर हा योगायोग वाटतो. पण थोडं आधी, डोंगराच्या उतारावर, फ्रोडोनं अंगठी हातात धरून त्याला बजावलेलं असतं: पुन्हा मला हात लावलास तर तूच या आगीत पडशील. आणि त्यानंतर लगेच गोलम सॅमच्या तलवारीखाली सापडतो, पण सॅमचा हात उचलत नाही. फ्रोडोआधी अंगठी बाळगणाऱ्या बिल्बोनं एकदा दया केली, फ्रोडोनं केली, शेवटी सॅमनंही केली. या तीन दयांवर सगळी कथा तरते. सिनेमात बजावणं नाही, सॅमचं सोडून देणंही नाही, म्हणून झटापट आणावी लागली.

शायरबद्दल दावा करणारे स्वतःच गाळल्याचं कबूल करतात, म्हणून एवढंच. पुस्तकात चौघं परततात तेव्हा गाव गुंडांच्या ताब्यात असतं, झाडं तोडलेली असतात. बायवॉटरच्या लढाईत 19 हॉबिट मरतात. एल्फांची स्वामिनी गॅलाड्रिएल हिनं सॅमला बागेतल्या मातीची डबी आधीच दिलेली असते, ती याच उजाड गावासाठी. सिनेमात उजाड गाव नाही, म्हणून डबीही नाही.

सिनेमे पाहून झाले असतील आणि सबंध पुस्तक हाती घ्यायचा धीर होत नसेल, तर सुरुवातीला पाच प्रकरणं वाचा: ‘फॉग ऑन द बॅरो-डाउन्स’, ‘द विंडो ऑन द वेस्ट’, ‘द स्टेअर्स ऑफ किरिथ उंगोल’, ‘द राइड ऑफ द रोहिरिम’ आणि ‘द स्कौअरिंग ऑफ द शायर’. सोबत तिसऱ्या खंडाच्या शेवटचं परिशिष्ट ब उघडं ठेवा. त्यात युद्ध संपल्यानंतरच्या दोन्ही वर्षांत 13 मार्चला फ्रोडो आजारी पडल्याची नोंद आहे. शेलॉबनं त्याला दंश केला ती हीच तारीख.