निम्मी पावडर भरायची म्हणे!

सकाळी ठाण्याला फास्टमध्ये कसाबसा शिरलो आणि कणकवलीहून दादाचा फोन. "काय रे, काडतुसातली पावडर मुंबयत गावता काय?" फोन स्पीकरवर नव्हता, पण दादाच्या आवाजाला स्पीकर लागत नाही. शेजारचे दोघे वळून बघायला लागले.

गावच्या ग्रुपवर म्हणे एक मेसेज फिरतोय, "ठासणीच्या रायफलचा अचूक बार : पूर्वजांचे 5 गुप्त नियम". ठासणीची म्हणजे नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू आणि गोळी गजाने ठासून भरायची ती. रात्री तोच मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही येऊन पडला. इथे कुणाकडे साधी छर्‍याची बंदूक नाही, पण "किमान 10 जणांना पाठवा" लिहिलेलं असलं की आपण पाठवतोच. नियम असे. एक, दारू जितकी जास्त तितका नेम पक्का. दोन, काळी दारू मिळत नसेल तर काडतूस फोडून त्यातली पावडर निम्म्या मापाने भरा. धूर कमी, आवाज मोठा. तीन, गज उसळेस्तोवर गोळी ठासा. चार, नळी पुसू नका, काजळीने गोळी घट्ट बसते. पाच, बंदूक शंभर वर्षं जुनी असेल तर परवाना लागत नाही.

दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण त्याच्यापायी कुणाचा तरी हात जाईल. काळी दारू आणि काडतुसातली बिनधुराची पावडर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बिनधुराची पावडर कोंडली की दाब वाढतो, दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते, की दाब पुन्हा वाढतो. आजच्या बऱ्याच रायफलींच्या काडतुसात दर चौरस इंचाला 50,000 पौंडांच्या वर दाब जातो, आणि तो पेलायला तसं पोलाद असतं. दादाच्या बंदुकीची नळी जुन्या मऊ लोखंडाची, बूड आट्यांवर बसवलेलं, ठिणगी पाडणारी टोपी ठेवायची बोंडी आजोबांच्या काळातच एकदा बदललेली. हे सगळं गालाला लावून उडवायचं असतं. फुटलं तर डोळ्यापासून वीतभर अंतरावर फुटेल. आणि निम्मं म्हणजे कशाच्या निम्मं? चमच्याच्या की वजनाच्या? ते लिहायला 'पूर्वज' विसरले. पूर्वजांकडे ही पावडर होती कुठे, तो प्रश्न तर सोडूनच द्या.

हां, अमेरिकेत सॅव्हेज कंपनीने बिनधुराची पावडर चालेल अशी ठासणीची रायफल खरंच काढली होती. मेसेजवाल्याने बहुधा तेच कुठेतरी अर्धवट वाचलं असणार. पण ती रायफल मुळात त्या दाबासाठीच घडवलेली. माळ्यावरून काढलेली नव्हे.

गंमत म्हणजे दादाला नेमाशी देणंघेणंच नाही. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर तो वानरं हुसकायला नुसता बार काढतो, गोळी न घालता. 'आवाज मोठा' एवढेच दोन शब्द वाचून भाऊसाहेबांनी मुंबईला फोन लावला.

आता पहिला नियम. मी वरळीला रेंजवर बारा वर्षं पॉइंट टू-टूची छोटी रायफल चालवतोय, तिथेही नवा मुलगा आला की याच समजुतीने येतो. 1857 चं काडतूस आठवा. त्याची चरबी आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण त्या कागदी नळकांड्यात दारू मोजून भरलेली होती, अडीच ड्रॅम, म्हणजे साधारण 68 ग्रेन (साडेचार ग्रॅमच्या आसपास), हे कुणी सांगत नाही. शिपायाने मुठीने अंदाज करू नये म्हणूनच ते काडतूस. त्याच वर्षी इंग्लंडात हाइथच्या लष्करी नेमबाजी शाळेत त्या काडतुसाची एन्फील्ड रायफल आणि इंजिनियर जोसेफ व्हिटवर्थची रायफल यांची चाचणी झाली. दोन्हींची गोळी सुमारे 530 ग्रेनची, दारूही जवळपास सारखीच. 500 यार्डांवर एन्फील्डच्या गोळ्या सरासरी 27 इंच भरकटल्या, व्हिटवर्थच्या साडेचार इंच. दारू न वाढवता! फरक नळीचा होता. व्हिटवर्थची नळी आतून षट्कोनी आणि अरुंद, तिच्यात गोळी 20 इंचांत एक पूर्ण गिरकी घेते. एन्फील्डमध्ये त्याला 78 इंच लागतात.

म्हणून बार शोधायचा असतो. बंदूक टेकवायची, बनवणाऱ्याने दिलेल्या सर्वांत कमी मापापासून सुरू करायचं, तीच गोळी, गोळीभोवती गुंडाळायचं तेच तेल लावलेलं कापड, तीच दारू. पाच बार काढून कागदावरचा पसारा मोजायचा, मग पाच ग्रेन वाढवायचे, बनवणाऱ्याच्या वरच्या मर्यादेच्या आत. पसारा आवळत येतो आणि एका मापानंतर पुन्हा फाकतो. समोर पडलेली कापडं उचलून बघायची : मध्ये जळून भोक पडलं असेल तर दारू जास्त झालीय किंवा कापड पातळ आहे. अर्थात हे सगळं नळीत पेचदार खाचा असलेल्या रायफलचं. दादाची नळी आतून पाइपासारखी गुळगुळीत. हा मेसेज त्याच्यासाठी नव्हताच.

तिसऱ्यात अर्ध खरं आहे, मान्य. गोळी दारूला टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते, फाटूही शकते. त्यासाठी गजावर खूण करतात. गज आपटत बसलात तर मऊ शिसं चेपतं आणि नेम गेलाच.

चौथा : स्वच्छ नळीतला पहिला बार कधी कधी इतरांपेक्षा वेगळा जातो, एवढंच त्यात खरं. पण काळी दारू जळली की तिच्या निम्म्याहून जास्त वजनाचा घट्ट साका मागे राहतो. तिसऱ्या-चौथ्या बाराला गोळी अर्ध्यातच अडकते. त्यात कोकणातली हवा. ती नळी रात्रभर तशीच ठेवून बघा, गंज चढलाच.

पाचव्यासाठी शस्त्र अधिनियम 1959, कलम 45 वाचा. सूट आहे, पण जुनी किंवा मोडकी असून दुरुस्त करूनही चालणार नाही अशा हत्यारालाच. वय विचारत नाही कायदा. दादाची बंदूक निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होते, हे त्याला पाठ असायला हवं होतं.

रात्री त्याला फोन केला आणि आजोबांच्या बांबूच्या पेराची आठवण करून दिली. बोटभर लांबीचं, तेल पिऊन काळं झालेलं, कडेला सुरीने पाडलेल्या दोन खाचा. दारू खालच्या खाचेपर्यंत घ्यायची, वरची आम्हा पोरांना हात लावायला बंदी. पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "तां पेर खंय ठेयलंय तां बघूक व्हयां."