सातबारा बघावा तो दुसऱ्याचा

दुसऱ्याच्या जमिनीची माहिती काढणं पूर्वी फार जिकिरीचं होतं. तलाठी भाऊसाहेब कोणत्या वारी गावात येतात याचा माग ठेवायचा, त्यांना चहा पाजायचा आणि ‘सहजच विचारलं हं’ म्हणत उतारा मिळवायचा. आता भाऊसाहेब ग्राम महसूल अधिकारी झाले आहेत आणि उतारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर आला आहे. विभाग, जिल्हा, तालुका, गाव निवडा, मोबाईल नंबर टाका, ती वेडीवाकडी कॅप्चाची अक्षरं ओळखा, की सगळं शिवार तुमच्यापुढे उघडं. गट नंबर माहीत नसला तरी अडत नाही. नुसत्या आडनावावरूनही शोध घेता येतो. एवढी सोय असताना काही भोळी माणसं तिथे फक्त पीककर्जापुरता स्वतःचा उतारा बघायला जातात. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

सुरुवात सोयरिकीपासून करा. ‘मुलाला बारा एकर बागायत आहे’ असं मध्यस्थानं सांगितलं की मान डोलवा आणि घरी येऊन आधी आठ-अ काढा. सातबारा एका गटाचा असतो. आठ-अ म्हणजे त्या खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन एका कागदावर. मग एकेक सातबारा उघडा. नमुना सातमध्ये, म्हणजे उताऱ्याच्या मालकीच्या भागात, मुलाच्या वडिलांच्या नावापुढे आणखी अकरा नावं असतील आणि क्षेत्र सामाईक असेल, तर बारा एकरांचं काय होतं ते तुम्हीच हिशेब करून बघा. पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, वजा करायला विसरू नका. इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचा बोजा दिसतो. नमुना बारावर, म्हणजे पिकांच्या भागात, ‘बागायत’ जमिनीत पाच वर्षं नुसतं सोयाबीन दिसतं आणि जलसिंचनाच्या साधनाचा रकाना कोरडा असतो. मात्र ही माहिती तोंडावर फेकू नये, ते असंस्कृतपणाचं दिसतं. बैठकीत सुपारी कातरता कातरता फक्त एवढंच म्हणा, ‘ते गट दोनशे चौदामधलं इतर हक्कातलं नाव कमी झालं का हो?’ पुढची बोलणी फार नम्रतेनं होतात. (मुलाच्या मामानं आदल्या रात्रीच तुमचा आठ-अ काढलेला असतो. पण बैठकीत तोही सुपारीच कातरत असतो.)

रोजच्या वाचनासाठी ‘आपली चावडी’ हे गावच्या नोटिशींचं सरकारी संकेतस्थळ ठेवा. गावात कुणी खरेदी केली, कुणाच्या वारसांची नोंद लागली, कुणी बँकेचा बोजा चढवला, हे सगळं फेरफाराच्या, म्हणजे उताऱ्यातल्या बदलाच्या, नोटिशीत येतं आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. हरकतीला कारण असलंच पाहिजे असा गैरसमज करून घेऊ नका. कारण नसलं तर सुनावणीत फेटाळतील, पण तोवर नोंद ‘तक्रारी’ म्हणून अडकून पडते आणि समोरच्याचं कर्जप्रकरणही. एका अर्जाच्या बदल्यात एवढा आनंद दुसरीकडे कुठे मिळतो?

आता नकाशाकडे वळू. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गटावर बोट ठेवलं की आकृती आणि क्षेत्र दिसतं. ती आकृती उपग्रहाच्या चित्रावर बसवून देणारी ॲप खूप आहेत. बसवली की हमखास दिसतं, की शेजाऱ्याचा बांध तुमच्यात सरकलेला आहे. तो तुमच्यात सरकलेला नसेल तर चित्र थोडं डावीकडे ओढा.

मूळ मोजणी कधीची आणि कशी, या फंदात पडू नये. इंग्रजांच्या अमदानीत 1836च्या सुमाराला इंदापूर तालुक्यापासून ही पद्धत पसरत गेली. 33 फुटांची साखळी शेतातून ओढत नेत. त्या साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, 1089 चौरस फूट, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. पुढे जमिनींचं एकत्रीकरण झालं, सर्व्हे नंबरांचे गट झाले, कागद जुने झाले आणि त्या जुन्या कागदांवरून संगणकात नकाशे उतरले. मोबाईलचा जीपीएस उघड्या रानातही चार-पाच मीटर इकडेतिकडे होतो. दोनशे मीटर लांबीच्या बांधावर पाच मीटरचा फरक म्हणजे हजार चौरस मीटर, जवळजवळ दहा गुंठे. दहा गुंठ्यांसाठी भावकीत तीन पिढ्या बोलणं बंद असतं, आणि तुम्हाला ते भांडण घरबसल्या, रेंज असेल तिथे, उकरून काढता येतं. सरकारी मोजणीचा अर्ज भरणं, भूकरमापकानं रोव्हर हे मोजणीचं यंत्र घेऊन येणं, हद्दीच्या खुणा दाखवणं आणि मग मोजणी नकाशाची ‘क’ प्रत मिळणं, हा मार्गही आहे म्हणतात. पण त्यात निकाल लागायची भीती असते.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना बांध नसतो, त्यांनी कोकणात प्लॉट बघावा. एजंट व्हॉट्सॲपवर गूगल अर्थची फाईल पाठवतो. त्यात हिरव्या डोंगरावर पिवळ्या रेषांनी आखलेले चौकोन, मधून रुंद रस्ता आणि कोपऱ्यात समुद्र असतो. मनसोक्त झूम करा, पण फक्त समुद्राकडे. त्या गटाचा सातबारा काढलात तर इतर हक्कात ‘खाजगी वने’ असं काहीतरी लिहिलेलं निघेल आणि उगाच शनिवार-रविवारचा विरस होईल. रस्ता नकाशावर नाही, फक्त फाईलमध्ये आहे, हेही विचारू नका. आणि शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडण्याविरुद्ध राज्यात 1947पासून कायदा आहे, ही आठवण एजंटला करून देणं तर शुद्ध अरसिकपणा.

एक पथ्य मात्र सगळ्यांनी पाळावं. स्वतःचा सातबारा बारकाईनं वाचू नये. त्यात आजोबा अजून खातेदार असतात. पणजोबांनी फेडलेलं तगाईचं सरकारी कर्ज इतर हक्कात जसंच्या तसं असतं. वडिलांच्या नावातला काना संगणकीकरणात गळालेला असतो, आणि तो परत आणायला कलम 155खाली तहसीलदारांकडे अर्ज लागतो. गावभरच्या फेरफारांवर बारीक नजर ठेवणाऱ्या माणसाला एवढा वेळ कुठून असणार?

शिवाय तिथे बहिणींची नावं असतात. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005च्या दुरुस्तीनं मुलगी मुलासारखीच जन्मतः वाटेकरी झाली, पण तुमच्या घरी हक्कसोडपत्राचा मसुदा त्याहून जुना आहे. दुय्यम निबंधकांच्या कचेरीत तिला बोलावलं, अंगठ्याचा ठसा घेतला, फोटो काढला, बाहेर रसवंतीवर रस पाजला, दिवाळीला साडी केली. मग फेरफार मंजूर झाला आणि तिच्या नावाला कंस पडला. महसुलात नाव खोडत नाहीत, कंसात ठेवतात, म्हणजे ते वाचता येतं. शेजाऱ्याच्या बांधावरचे चार मीटर उपग्रहावरून ओळखणाऱ्या तुमच्या नजरेतून तेवढा कंस मात्र हटकून सुटतो. तो सुटू द्यावा.

ती कधी फोन करून म्हणालीच, ‘दादा, तुला त्या मोबाईलमधलं कळतं ना, आपल्या मळ्याचा एक उतारा काढून पाठव,’ तर सर्व्हर डाऊन आहे म्हणून सांगा. डिजिटल सहीच्या उताऱ्याचे पंधरा रुपयेही वाचतात.