ग्रीनलीफ यांचा दाखला आणि पुराव्याचा कायदा

हार्वर्डमधले कायद्याचे प्राध्यापक सायमन ग्रीनलीफ नास्तिक होते, येशूचे पुनरुत्थान खोटे ठरवायला बसले आणि पुरावा तपासता तपासता ख्रिस्ती झाले. सबब शुभवर्तमाने, म्हणजे बायबलमधली मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांची येशूची चार चरित्रे, कोणत्याही कोर्टात टिकतील, असे वारंवार सांगितले जाते.

यातली गोष्ट लवकर निकालात निघते. ग्रीनलीफ हे एपिस्कोपल चर्चचे श्रद्धावान सभासद होते. त्यांच्या नास्तिकपणाचा समकालीन दाखला कोणी दिलेला नाही. शुभवर्तमानांची साक्ष कोर्टातल्या पुराव्याच्या नियमांनी तपासणारे त्यांचे १८४६ सालचे पुस्तक मात्र गंभीर आहे, म्हणून उत्तर त्याला द्यायला हवे.

त्यांचा पहिला आधार जुन्या दस्तऐवजाचा नियम. योग्य ताब्यातून आलेला, संशयास्पद खूण नसलेला जुना कागद अस्सल मानावा, आणि शुभवर्तमाने तर चर्चच्याच ताब्यातून आली, असे ते म्हणतात. आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्यातले कलम ९० हेच सांगत असे. पण आजोबांच्या ट्रंकेत सापडलेल्या तीस वर्षांपूर्वीच्या खरेदीखतावरची सही त्या माणसाचीच, एवढेच त्यातून गृहीत धरता येते; ‘पूर्ण रक्कम रोख पावली’ हे वाक्य खरे ठरत नाही. शिवाय इथे मूळ खत कोणाहीपाशी नाही, आहेत त्या नकला. चौथ्या शतकातल्या सिनाईटिकस आणि व्हॅटिकनस या हस्तलिखितांत मार्कचे शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीला संपते. पुनरुत्थित येशू शिष्यांना दिसल्याचे सांगणाऱ्या पुढच्या बारा ओव्या त्यांत नाहीत.

साक्षीदारांचे काय? लूक आरंभीच सांगतो की प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून परंपरेने आलेली हकीकत तो लिहीत आहे. पुनरुत्थित येशू पाचशे बंधूंना दिसला असे प्रेषित पौल आपल्या पत्रात म्हणतो, पण त्यांपैकी एकाचेही नाव नाही. कोर्टात याला ऐकीव पुरावा म्हणतात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी प्रत्यक्ष साक्षीचा दावा आहे, हे मान्य. पण ‘त्याची साक्ष खरी आहे हे आम्हांला माहीत आहे’ असे म्हणणारे ‘आम्ही’ कोण, हे उलटतपासणीत पहिल्याच प्रश्नाला विचारले जाईल.

साक्षींतल्या किरकोळ विसंगतींवरून संगनमत नसल्याचे दिसते, हा ग्रीनलीफ यांचा सर्वांत चतुर मुद्दा. मात्र पक्षाघाती माणसाच्या प्रसंगात येशूचे वाक्य अर्ध्यावर तोडून ‘तो त्या माणसाला म्हणाला’ हे निवेदन मत्तय, मार्क, लूक तिघेही नेमक्या त्याच जागी घुसवतात. तीन स्वतंत्र साक्षीदारांचे जबाब अशा एकाच ठिकाणी अडखळले, तर तिघांनी एकच कागद वाचला आहे, अशी शंका कोणताही वकील न्यायाधीशांपुढे मांडेल.