लिस्बनच्या नकाशात न दिसणारे चढ

लिस्बनला निघालेल्या ओळखीच्या मंडळींची संख्या अलीकडे वाढली आहे आणि जो तो मला तेच तीन प्रश्न विचारतो : दिवस किती ठेवावेत, उतरावे कुठे आणि शाकाहारी माणसाचे तिथे काय होते. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांनी उत्तरे देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावे, म्हणून ही लांबलचक पोस्ट. आम्ही ऑक्टोबरमध्ये सहा दिवस तिथे होतो. मी, नवरा आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंच्या गुडघ्यांनी आमचा सगळा कार्यक्रम ठरवला आणि ते बरेच झाले, कारण लिस्बन अंतराच्या नव्हे, उंचीच्या हिशेबाने पाहायचे शहर आहे, हे आम्हाला पहिल्याच संध्याकाळी कळले.

कसे कळले तेही सांगते. घर बसल्या आरक्षित केलेली जागा ‘रोसिओ चौकापासून ४०० मीटर’ होती आणि ते अंतर अगदी खरे होते. त्यातला शेवटचा भाग किल्ल्याच्या टेकडीवर जाणाऱ्या पायऱ्यांचा आहे, एवढेच मालकाने लिहिले नव्हते. दोन मोठ्या बॅगा, एक पिशवी आणि दगडी पायऱ्या. सासूबाई पहिल्या टप्प्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, “अगं, ही तर जेजुरीच की, फक्त भंडारा नाही.” दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या रात्रींच्या पैशांवर पाणी सोडून आम्ही खाली सपाटीवर दुसरी जागा घेतली, आणि त्यानंतर एकच नियम पाळला : चढ वाहनाने, उतार पायी.

हा नियम पाळणे तिथे वाटते तितके अवघड नाही, कारण चढाशी रोज झुंजणाऱ्या त्या शहराने स्वतःच त्यावर उपाय करून ठेवले आहेत आणि त्यांतले काही चक्क फुकट आहेत. किल्ल्याकडे जायचे असेल तर बायशा या खालच्या सपाट भागातल्या फांकेरोस रस्त्यावर एका साध्या इमारतीच्या दारातून आत शिरावे. तिथली सार्वजनिक लिफ्ट तुम्हाला वरच्या मादालेना रस्त्यावर सोडते. तिथून थोडे चालले की एक सुपरमार्केट लागते आणि त्याच इमारतीतली दुसरी लिफ्ट थेट किल्ल्याखालच्या रस्त्यावर नेते. आम्ही शोधत होतो तेव्हा भाजीच्या पिशव्या घेतलेल्या दोन आज्या आमच्यापुढे निमूटपणे आत शिरल्या, म्हणून दार सापडले. अगदी किल्ल्याच्या दारापर्यंत जायचे तर फिगेइरा चौकातून ७३७ क्रमांकाची बस जाते. बायशा-शियादो हे मेट्रो स्थानक तर जणू टेकडीच्या पोटातला जिनाच आहे. खालच्या तोंडातून आत जाऊन लांबलचक सरकते जिने घेत वरच्या तोंडातून बाहेर पडले, की मेट्रोचे तिकीट न काढता तुम्ही शियादो या वरच्या भागाच्या माथ्यावर पोहोचता.

इथूनच सांता जुस्टाच्या लोखंडी लिफ्टचे कोडेही सुटते. १९०२ सालची ही लिफ्ट सुंदर आहे, पण तिच्यासाठी खाली तासभर रांगेत उभे राहणे मला पटत नाही. शियादोतून कार्मो चौकात चालत जावे. तिथून त्या लिफ्टच्या वरच्या पुलावर पायी येता येते. तिथेच शेजारी कार्मोच्या मठाचे चर्च आहे आणि माझ्या मते, लिस्बनमध्ये एकच वास्तू पाहायला वेळ असेल तर ती हीच पाहावी. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक चर्चमध्ये जमलेले असताना शहराला प्रचंड भूकंपाचा धक्का बसला, पाठोपाठ नदीच्या मुखातून त्सुनामीची लाट आली आणि नंतर कित्येक दिवस आग धुमसत राहिली. कार्मोचे छप्पर तेव्हा कोसळले आणि ते पुन्हा कधीच पुरे झाले नाही. आज त्या उंच कमानींच्या फासळ्यांवर सरळ आकाश दिसते आणि खाली जमिनीवर गवत आहे. वसईच्या किल्ल्यातली बिनछपराची चर्चे पाहत मी मोठी झाले, त्यामुळे तिथे शिरताना क्षणभर परदेशात असल्याचा विसर पडला. रविवारी ते बंद असते, एवढे लक्षात ठेवावे.

भूकंपाची ही हकिकत उतरण्याची जागा ठरवतानाही उपयोगी पडते. खालचा बायशा भाग पार उद्ध्वस्त झाल्यावर पोंबाल या मंत्र्याने तो सरळ, काटकोनी रस्त्यांत नव्याने आखला आणि इमारतींच्या भिंतींत लाकडी चौकटींचा सांगाडा घालायला लावला. पोर्तुगीज त्या सांगाड्याला पिंजराच म्हणतात. किल्ल्याच्या उतारावरचा अल्फामा हा जुना भाग मात्र पुष्कळसा वाचला, म्हणून त्याच्या गल्ल्या अजून जुन्याच वळणाच्या, अरुंद आणि पायऱ्यापायऱ्यांच्या आहेत. फोटोसाठी अल्फामासारखी जागा नाही, पण बॅगा घेऊन, थकलेल्या पायांनी रोज रात्री परतण्यासाठी ती नव्हे. वडीलधारी माणसे किंवा लहान मुले सोबत असतील तर बायशा, आव्हेनिदा दा लिबेरदाद या मोठ्या रस्त्याचा खालचा भाग किंवा मेट्रोला लागून असलेला साल्दान्याचा परिसर घ्यावा. विमानतळ शहरातच आहे आणि तिथून मेट्रोची लाल मार्गिका थेट साल्दान्याला येते. खोलीच्या भाड्याशिवाय शहराचा पर्यटन कर असतो. २०२४ च्या सप्टेंबरपासून तो माणशी, दर रात्री ४ युरो आहे.

प्रवासासाठी ‘नावेगांत’ नावाचे अर्ध्या युरोचे पुठ्ठ्याचे कार्ड मेट्रोच्या यंत्रावर मिळते. प्रत्येकाचे कार्ड वेगळे लागते. एकाच कार्डावर तिघे जाऊ शकत नाहीत. त्यावर २४ तासांचे तिकीट भरले की मेट्रो, बस आणि ट्रॅम सगळे चालते. पिवळ्या २८ क्रमांकाच्या ट्रॅमबद्दल मात्र माझे मत जरा तिरकस आहे. तो लाकडी डबा अल्फामाच्या गल्ल्यांतून भिंतींना जवळजवळ खेटून जातो, हे खरेच पाहण्यासारखे असते. परंतु दिवसा त्यात आपल्या लोकलसारखी गर्दी असते आणि खिसेकापूंची ती हक्काची जागा आहे. सकाळी सातच्या सुमारास मार्तिम मोनिझच्या थांब्यावरून बसलात तर खिडकी मिळते. दुपारी अकरा वाजता तिथे रांग लावण्यापेक्षा न गेलेले बरे. टेकड्यांवर चढणाऱ्या जुन्या फ्युनिक्युलरवर, म्हणजे रुळांवरून दोराने ओढल्या जाणाऱ्या डब्यांवर, कार्यक्रम बांधू नका. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ग्लोरिया मार्गावरच्या फ्युनिक्युलरला भीषण अपघात होऊन १६ माणसे गेली, त्यानंतर ही सेवा थांबवण्यात आली होती. निघण्यापूर्वी सद्यःस्थिती पाहून घ्यावी.

बुटांविषयी कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. तिथले पदपथ फरशीचे नसून हाताने बसवलेल्या छोट्या पांढऱ्या-काळ्या दगडी तुकड्यांचे आहेत. शतकानुशतकांच्या नाही तरी कित्येक दशकांच्या पावलांनी ते असे गुळगुळीत झाले आहेत की दोन थेंब पाऊस पडला तरी शेवाळलेल्या घाटावर चालल्यासारखे होते. रोसिओ चौकात त्या दगडांच्या काळ्या-पांढऱ्या लाटा काढलेल्या आहेत. पावसाच्या सरीनंतर त्या लाटांवरून जाताना माझा नवरा मोबाइल वर धरलेल्या अवस्थेत सावकाश, मानाने खाली बसला. मोबाइल वाचला. रबरी, खाचांचा तळवा असलेले बूट न्यावेत; नवे कोरे चामडी बूट घरी ठेवावेत.

नदीकाठच्या बेलेम या भागाला अर्धा दिवस द्यावा, आणि तो सोमवार नसावा, कारण सोमवारी जेरोनिमोस मठ बंद असतो. १५ क्रमांकाची ट्रॅम तिथे जाते, पण काइश दो सोद्रे स्थानकातून सुटणारी लोकल गाडी मला जास्त सोयीची वाटली. मठातल्या चर्चमध्ये दारातून आत गेल्यागेल्या वास्को द गामाची समाधी आहे. १४९८ मध्ये कालिकतला पोहोचलेला हा माणूस १५२४ मध्ये कोचीत वारला आणि त्याचे अवशेष नंतर पोर्तुगालला आणले गेले. दगडी दोरखंड, पोवळी, जहाजे अशा समुद्राच्या खुणांनी मढवलेली ती इमारत अप्रतिम आहे यात वाद नाही, आणि ती मसाल्याच्या व्यापारावरच्या कराच्या पैशांतून उभी राहिली हेही तितकेच खरे आहे. १५३४ पासून १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी घेईपर्यंत वसई पोर्तुगीजांकडे होती. त्यामुळे शेजारच्या, १९६० साली बांधलेल्या सागरी ‘शोधांच्या’ स्मारकापुढे उभे राहून फोटो काढताना मला जरा अवघडल्यासारखे झाले. तरीही तिथे जावे आणि डोळे उघडे ठेवून पाहावे. गाइडने आपल्या बाजूचे काही सांगितले नाही तर तुम्ही त्याला विचारावे.

आता जेवण. उपाहारगृहात बसताच न मागता पाव, ऑलिव्ह, कधी चीज समोर येते. ते आतिथ्य नसून बिलात धरले जाणारे पदार्थ असतात. नको असेल तर हात न लावता नम्रपणे परत द्यावे, त्याचे पैसे लागत नाहीत. शाकाहाऱ्यांनी ‘सें कार्न, सें पेश’, म्हणजे मांस नको, मासे नको, हे दोन्ही म्हणायला शिकावे. नुसते ‘मांस नको’ म्हटले तर मासे येतात. काल्दो वेर्द हे हिरव्या पालेभाजीचे सूप दिसायला सात्त्विक असते, पण त्यात डुकराच्या सॉसेजची चकती तरंगते. कॅफेच्या काचेच्या कपाटात चक्क समोसा दिसतो. ‘शामुसा’ या नावाने तो गोव्यामार्गे तिकडे गेला आणि स्थानिक झाला, परंतु आत बहुधा मांसाचे सारण असते, तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नये. सासूबाई अंडे खातात, त्यामुळे पाश्तेल द नाता या कस्टर्डच्या गोड वाट्यांवर त्यांचे दोन दिवस उत्तम निघाले. तिसऱ्या दिवशी त्यांना वरणभातच हवा होता. तेव्हा आम्ही लुमियार भागातल्या राधाकृष्ण मंदिरात गेलो. मोझांबिकमार्गे तिथे स्थायिक झालेल्या गुजराती मंडळींचे ते मंदिर आहे आणि तिथे शाकाहारी जेवण मिळते. मार्तिम मोनिझच्या आसपास आपल्याकडच्या किराणा मालाची दुकाने आहेत. मिरची, आले, तूरडाळ सगळे मिळते. नळाचे पाणी खुशाल प्यावे.

भाषेची धास्ती बाळगू नका, कारण मराठी माणूस न शिकताच तिथले डझनभर शब्द घेऊन उतरतो. बटाट्याला बटाटाच म्हणतात, पावाला पाव, किल्ली म्हणजे ‘शाव’, ज्याची आपण चावी केली, पैसे देणे म्हणजे ‘पगार’, कोबीच्या जातीची भाजी म्हणजे ‘कोव’, बादली म्हणजे ‘बाल्द’. चहाला ‘शा’ म्हणतात, पण दुधाचा मिळेल या आशेवर राहू नये. एका शब्दाने मात्र सगळ्यांची फजिती होते. दुकानांच्या दारांवर ‘पुश’ असा ऐकू येणारा शब्द लिहिलेला असतो आणि त्याचा अर्थ ओढा असा आहे. आम्ही तिघांनी मिळून एका औषधाच्या दुकानाचे दार चांगले अर्धा मिनिट ढकलले. आतली बाई हात हलवून ‘इकडे ओढा’ अशी खूण करत होती आणि आम्हाला वाटत होते की ती दुकान बंद आहे असे सांगते आहे.

पैशांबाबत एवढेच : चौकाचौकांत उभ्या असलेल्या चकचकीत खासगी यंत्रांऐवजी बँकेच्या एटीएममधून पैसे काढावेत आणि यंत्राने ‘रुपयांत हिशेब करू का’ असे विचारले तर नकार द्यावा. बायशात तरुण मुले कुजबुजत गांजा विकायला येतात. तो बहुतेक वेळा दाबलेला तमालपत्राचा पाला असतो, असे तिथले लोकच हसत सांगतात. मान हलवून पुढे चालावे.

दिवसांचा प्रश्न राहिला. दीड दिवसात लिस्बन उरकणाऱ्या सहलींविषयी मला काही चांगले बोलता येणार नाही. त्यांत माणूस चढतो, धापा टाकतो आणि उतरतो. शहराला पूर्ण चार दिवस द्यावेत आणि शहराबाहेरच्या सिंत्रा या गावासाठी पाचवा वेगळा ठेवावा. रोसिओ स्थानकातून तिथे सुमारे चाळीस मिनिटांत गाडी जाते आणि तिथल्या पेना राजवाड्याचे वेळ ठरलेले तिकीट आधीच काढावे लागते. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. जुलै-ऑगस्टच्या उन्हात हे चढ जीव काढतात.

आणि आम्ही शेवटच्या दिवशी केले ते तुम्ही पहिल्याच संध्याकाळी करा. काइश दो सोद्रेहून नदीपलीकडच्या काशिल्यासला जाणारी साधी प्रवासी बोट पकडा. दहा मिनिटांचा प्रवास आहे. कामावरून घरी जाणारी माणसे मोबाइलमध्ये डोके घालून बसलेली असतात आणि तिकीट अगदी किरकोळ. पलीकडे कॉफी घेऊन परत येताना समोरच्या बाजूला बसा. नकाशात सपाट दिसलेले सगळे शहर तेव्हा उभे राहिलेले दिसते : खाली पिवळ्या कमानींचा मोठा चौक, त्याच्यामागे बायशाची सरळ पट्टी, डावीकडे शियादो आणि उजवीकडे सगळ्यांवर किल्ला. सासूबाई बराच वेळ त्या किल्ल्याकडे पाहत होत्या. “आई, तिथवर गेलो होतो आपण,” असे नवरा कौतुकाने म्हणाला, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे न पाहताच दुरुस्ती केली, “लिफ्टने.”